दहा लेकरं जमेपर्यंत थांबायचं कुणी?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

स.न.वि.वि.

मागच्या मंगळवारी दुपारी माझ्या भाचीच्या फोनवर सरकारी मेसेज आला. तुमच्या बाळाला पेंटाव्हॅलेंटचा दुसरा डोस देण्यात आला आहे, अभिनंदन. मेसेज तिने मला वाचायला दिला, कारण तिला इंग्रजी येत नाही. मी तो वाचला तेव्हा तिचं बाळ आमच्या दोघांच्या समोर ऑक्सिजनवर होतं. त्याला डांग्या खोकला झाला होता. पेंटाव्हॅलेंट ही डांग्या खोकल्यासकट पाच रोगांवरची लस, आणि तिचा दुसरा तर सोडाच, पहिला डोससुद्धा त्याला आजवर कुणी दिलेला नाही.

मी बीड जिल्ह्यातला. डी.फार्म. आहे, तालुक्याच्या गावी 22 वर्षांपासून मेडिकल चालवतो. त्यामुळे लसीची बाटली म्हणजे काय, ती कशी ठेवायची, तिच्यात काय काय असतं, हे मला सांगायला कुणाची गरज नाही. भाची आणि जावई ऊसतोडीला जातात. गावात त्यांना एक कोयता म्हणतात, दोन माणसं मिळून एक कोयता.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याला लसीकरणाची बैठक झाली होती. दुकानदार म्हणून आम्हालाही बोलावलं होतं. तुमच्या खात्याचे एक साहेब माइकवर म्हणाले, एक लेकरू आलं तरी बाटली उघडायची, परत पाठवायचं नाही, आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं सगळ्यात आधी घ्यायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी येऊन भाचीला सांगितलं, तिला तेव्हा सहावा महिना होता. म्हणलं, आता काळजी नाही.

बाळ 11 ऑगस्टला झालं. बाळंतपण दवाखान्यातच झालं, त्यामुळे बीसीजी, पोलिओ आणि काविळीचं इंजेक्शन तिथेच मिळालं. पुढची लस दीड महिन्याने, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्या आठवड्यात मराठवाड्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पुराने शेतं खरवडून नेली, जनावरं वाहून गेली, आमच्या भाचीच्या गावाचा पूल दोन दिवस पाण्याखाली होता. लसीकरणाचा वार त्यात गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, निसर्गापुढे कुणाचं चालतं.

पाणी ओसरल्यावर ती लेकराला टॉवेलात गुंडाळून चार किलोमीटर चालत उपकेंद्रावर गेली. तिच्यासकट तीन बाया होत्या. सिस्टर म्हणाल्या, बाटली दहा जणांची असते, तिघांसाठी फोडली तर सात डोस वाया जातील, पुढच्या बुधवारी या. पुढच्या बुधवारी पाच जणी होत्या, तेच उत्तर. त्याच्या पुढच्या बुधवारी दिवाळी होती आणि पाडवा झाला की टोळीचा ट्रॅक्टर आला. मुकादमाची उचल घेतलेली, थांबता येत नाही. लेकरू अडीच महिन्याचं झालं होतं आणि ते ट्रॉलीत, भांड्यांच्या बोचक्यावर, आईच्या मांडीवर बसून पश्चिम महाराष्ट्राकडे निघालं.

मंत्री महोदय, आता मी जे लिहितो आहे त्यासाठी हे सगळं पत्र आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेंटाव्हॅलेंटच्या त्या बाटलीत थायोमर्सल असतं. पाऱ्याचं संयुग आहे ते, वजनाने जवळपास निम्मा पारा. 1930 च्या दशकापासून लसींमध्ये वापरलं जातं. ते लसीचं काम करत नाही, रोगाशी त्याचा काही संबंध नाही. त्याचं काम एकच, रबराच्या बुचातून सुई पुन्हा पुन्हा आत जाते तेव्हा तिच्याबरोबर एखादा जंतू गेलाच तर तो बाटलीत वाढू नये. एकाच डोसाची बाटली असेल तर त्याची गरजच पडत नाही. दहा डोसांच्या बाटलीत ते घालतात ते याच कारणासाठी की आज दोन लेकरांना द्यावं, बाटली परत थंड ठेवावी, पुढच्या बुधवारी आणखी तिघांना द्यावं, आणि तरी ती सुरक्षित राहावी.

म्हणून तर केंद्र सरकारचीच ओपन व्हायल पॉलिसी आहे. पेंटाव्हॅलेंट, डीपीटी, धनुर्वात, कावीळ, या बाटल्या उघडल्यावर 4 आठवडे वापरता येतात. अटी आहेत, आणि त्या योग्य आहेत. मुदत संपलेली नको, बाटली गोठलेली नको, 2 ते 8 अंशांत ठेवलेली हवी, बूच पाण्यात बुडालेलं नको, उघडल्याची तारीख आणि वेळ लेबलवर लिहिलेली हवी. आणि लेबलवर गोलात एक चौकोन असतो, उष्णता लागली की तो गडद होतो, तो भोवतीच्या गोलापेक्षा फिकट असला पाहिजे. मी स्वतः पाहिलेली एक बाटली सांगतो. लेबलवर निळ्या बॉलपेनने तारीख, खाली वेळ 10.20, बुचाच्या रबरावर सुईची सहा बारीक छिद्रं. सहा लेकरं झाली होती, चार व्हायची होती, आणि बाटली आइसपॅकच्या मधोमध नीट ठेवलेली होती. हे काम असं होतं. त्याला दहा लेकरं एका दिवशी एका जागी जमावी लागत नाहीत.

म्हणजे आमच्या लेकरांच्या अंगात पाऱ्याचा तो थेंब आम्ही कशासाठी जाऊ देतो? एका लेकरासाठी बाटली उघडता यावी म्हणून. आणि तुमच्या माणसाने काय केलं? बाटली उघडलीच नाही. सात डोस वाया जातील म्हणून तीन लेकरं वाया घालवली. जे वाया जाऊ नये म्हणून थायोमर्सल घातलं, तेच वाया जाईल या भीतीने लेकरू परत पाठवलं.

गोवर-रुबेला आणि बीसीजीचं वेगळं आहे. त्या जिवंत जंतूंच्या लसी, त्यांच्यात थायोमर्सल घातलं तर लसच मरेल. म्हणून त्या बाटल्या औषध-पाणी मिसळल्यावर 4 तासांत टाकून द्याव्या लागतात. माझा अंदाज असा की सिस्टरच्या डोक्यात तो 4 तासांचा नियम पक्का बसला आहे आणि तोच त्यांनी पेंटाला लावला. त्यांना मी दोष देणार नाही. कंत्राटावर आहेत, त्यांच्याकडे किती गावं आहेत ते त्याच जाणोत, आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये वेस्टेजचा टक्का वाढला की सगळ्यांसमोर त्यांना उभं करून विचारतात. परत गेलेल्या लेकराबद्दल कुणी विचारत नाही. परत गेलेल्या लेकराचा रकानाच तुमच्या फॉर्मात नाही.

बाटलीत जंतू वाढला तर काय होतं हे आपल्या महाराष्ट्राला फार पूर्वीच कळलेलं आहे. हाफकिन साहेबांनी प्लेगची लस मुंबईत बनवली, 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. पाच वर्षांनी, ऑक्टोबर 1902 मध्ये, पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने मेली. पूर्वी लसीत जंतू मारायला कार्बोलिक अॅसिड घालत, त्या खेपेला ते घातलेलं नव्हतं. हाफकिन साहेबांची नोकरी गेली, बदनामी झाली, आणि दोष त्यांचा नव्हता, टोचताना बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता, हे मान्य व्हायला 1907 उजाडलं. पुढे 1928 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियात बंडाबर्ग नावाच्या गावी घटसर्पाची लस अनेक दिवस एकाच बाटलीतून दिली, उन्हाळा होता, बाटलीत जंतुनाशक नव्हतं. शेवटच्या दिवशी 21 मुलांना टोचलं, 12 मेली. त्यानंतरच्या चौकशीत ठरलं की वारंवार सुई जाणाऱ्या बाटलीत जंतुनाशक असलंच पाहिजे. हे मेलेल्या पोरांच्या किमतीवर शिकलेलं शहाणपण आहे, साहेब. उपकेंद्राच्या भिंतीवर ते एका ओळीत लिहून लावायला तुम्हाला जमलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट. भाची टोळीबरोबर कारखान्यावर गेली. नोव्हेंबरात तिथल्या तळावर एकदा लसवाले आले. तिला म्हणाले, कार्ड कुठंय? कार्ड पुरात भिजून फाटलं होतं. मग म्हणाले, नोंद तुमच्या गावाकडं आहे, तिकडंच घ्या. सहा महिने गावाकडं कोण जाणार?

डिसेंबरात पुन्हा आले. या खेपेला कार्ड मागितलं नाही, पण तळावरच्या बायाच पुढे आल्या नाहीत. कारण एक रील फिरत होती. बाळाच्या लसीत पारा, अमेरिकेने बंदी घातली, आपल्या गरिबांच्या लेकरांना टोचतात. कोप्या-कोप्यांत, म्हणजे तळावरच्या झोपड्या-झोपड्यांत, सगळ्यांनी पाहिली. चार बाया आल्या, त्यात आमची भाची. लसवाल्यांनी बाटली पाहिली, चार डोकी मोजली आणि निघून गेले.

मला फोन आला, मामा, पारा असतो का हो खरंच? मी म्हणलं असतो. खोटं कसं सांगू? पण पुढचं सांगायला मला अर्धा तास लागला, आणि ते सांगणं माझं काम नव्हतं, तुमच्या खात्याचं होतं.

मी तिला काय सांगितलं ते इथे लिहितो, तुमच्या लोकांना उपयोगी पडेल. म्हणलं, मालाड-मालवणीला 2015 साली विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, ती मिथाइलने. नेहमीच्या दारूत इथाइल असतं. नावात अक्षराचा फरक, पण एक प्यायल्यावर रात्रीत डोळे जातात आणि मरण येतं, दुसऱ्याने तसं होत नाही. पाऱ्याचंही तसंच. जपानात मिनामाता गावाला 1956 मध्ये जे कळलं, मासे खाऊन माणसं लुळी पडली, ते मिथाइल पाऱ्याने. कारखान्याने तो समुद्रात सोडला होता. लसीतल्या थायोमर्सलमधून निघतो तो इथाइल पारा. लहान बाळांच्या रक्तात तो 4 दिवसांच्या आत निम्मा होतो, मिथाइलला दीड महिना लागतो. आणि प्रमाण किती? अर्ध्या मिलीच्या डोसात थायोमर्सल 25 ते 50 मायक्रोग्रॅम, त्यात पारा निम्मा. आपल्या आजीच्या काळचा ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर होता, त्यात अर्धा ग्रॅम तरी पारा असायचा. एका थर्मामीटरच्या पाऱ्यात किमान वीस हजार डोसांचा हिशोब होतो.

अमेरिकेचं म्हणाल तर 1999 च्या जुलैत त्यांनी खबरदारी म्हणून लहान मुलांच्या लसींतून थायोमर्सल काढायचं ठरवलं आणि 2001 पर्यंत बहुतेक काढलं. अपाय सिद्ध झाला म्हणून नव्हे. डेन्मार्कने तर 1992 मध्येच बंद केलं. थायोमर्सलने मुलांना स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, होते अशी भीती होती, पण दोन्हीकडे त्यानंतरही स्वमग्नतेचं निदान होणाऱ्या मुलांची संख्या वाढतच गेली, म्हणजे दोष थायोमर्सलचा नव्हता. 2025 च्या जुलैत अमेरिकेच्या आरोग्य खात्याने फ्लूच्या लसीतूनही ते काढायला लावलं आणि तीच बातमी मोडून-तोडून आमच्या उसाच्या फडापर्यंत आली. अमेरिकेला एकेका डोसाची बाटली परवडते, फ्रीजही परवडतात. आपण दहाची बाटली वापरतो, ती वापरायला थायोमर्सल लागतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते सुरक्षित मानलेलं आहे. पाऱ्यावर बंदी आणणारा जो मिनामाता करार 2013 मध्ये झाला आणि भारताने 2018 मध्ये मान्य केला, त्यातसुद्धा लसीतलं थायोमर्सल मुद्दाम वगळलं आहे. हे सगळं मराठीत एका पानावर छापून तळावर वाटलं असतं तर काय बिघडलं असतं? रील बनवणारा हजार किलोमीटरवर बसून प्रत्येक कोपीत पोचतो. तुमचं खातं पोचत नाही. त्याच्याकडे मंत्रालय नाही, कर्मचारी नाहीत, बजेट नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाळाला खोकला लागला. आधी सर्दीच वाटली. मग उबळ यायला लागली. मी गेलो तेव्हा पाहिलं, सलग वीस-वीस वेळा खोकायचं, मधे श्वास घ्यायला जागाच नाही, चेहरा लाल, मग जांभळा, ओठ निळे, आणि शेवटी श्वास ओढताना घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज. काही वेळा तो आवाजही यायचा नाही, नुसतं थांबायचं. आई त्याला उचलून तोंडावर फुंकर घालायची. मी औषधाच्या दुकानात 22 वर्षं डांग्या खोकल्याचं नाव ऐकलं, पाहिला नव्हता. माझ्या आईने पाहिला होता. ती म्हणायची, शंभर दिवस राहतो. मला वाटायचं, तो तिच्याबरोबर गेला.

17 दिवस दवाखाना. पहिले 5 दिवस आयसीयू. जवळचं म्हणून खासगीत न्यावं लागलं, आणि सरकारी आरोग्य योजनेत हे बसत नाही असं काउंटरवर सांगितलं. 1 लाख 12 हजार बिल झालं. मी 60 हजार दिले, दुकानाच्या मालाचे होते. राहिलेले मुकादमाकडून, म्हणजे पुढच्या हंगामाची उचल आताच गेली. जावयाचे 17 दिवस खाडे, त्याचे पैसे वेगळे कापले. पाच महिन्यांच्या लेकराच्या डोक्यावर, त्याला बसताही येत नाही, पुढच्या वर्षीचा ऊस लादला गेला. आणि या मधल्या एका दिवशी तुमचा तो अभिनंदनाचा मेसेज.

तो डोस कुणी भरला, कुठल्या बाटलीतून भरला, ते मला कळलं पाहिजे. टार्गेट पूर्ण दाखवायला भरला असेल तर जिल्ह्याच्या शंभर टक्क्यांत आमचं लेकरू आहे, आणि त्याच्यासारखी किती आहेत हे तुम्ही मोजलं पाहिजे. एका डोसाने सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही, मला फार्मसीचं थोडं तरी कळतं. पण चार वेळा ते लेकरू लसीच्या बाटलीसमोर होतं. चार.

ऊसतोडीला मराठवाड्यातून किती लोक जातात? कुणी आठ लाख म्हणतं, कुणी बारा, कुणी चौदा. ज्यांची मोजदाद नाही त्यांच्या लेकरांची यादी कुठून येणार? 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा विषय विधिमंडळात गाजला, समिती नेमली, 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली, 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यावेळीही आम्हाला सांगितलं होतं की आता आरोग्य खातं फडावर येईल. मराठवाड्याचा अनुशेष 1984 च्या दांडेकर समितीपासून मोजला जातो आहे. त्यासाठी केलेलं विकास मंडळ होतं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. आमच्याकडे रस्त्याचा अनुशेष आहे, पाण्याचा आहे, डॉक्टरांचा आहे, आणि आता दहा लेकरं जमण्याचाही आहे, कारण दिवाळीनंतर आमच्या गावांत दहा लेकरं उरतच नाहीत. म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात. जो नियम भरल्या गावाला चालतो तो रिकाम्या गावाला लावून तुम्ही आमच्या लेकरांना बाहेर ठेवता, आणि फडावर गेलं की नोंद गावाकडची म्हणून बाहेर ठेवता. मग त्या लेकराचं गाव कोणतं, ते तरी ठरवून द्या.

मागणं फार नाही. प्रत्येक उपकेंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा की पेंटाव्हॅलेंटची बाटली एका लेकरासाठीही उघडली जाईल, आणि ती उघडली म्हणून कुठल्याही सिस्टरला मीटिंगमध्ये बोल लावू नका. कारखान्याच्या तळावर कार्ड न मागता लस द्या. थायोमर्सलबद्दल लोकांनी विचारलं तर आशाताईला उत्तर देता यावं एवढं तिला शिकवा, तिला न शिकवता पुढे पाठवू नका, शिव्या तीच खाते. आणि खोटी नोंद काढून टाका, कारण ती तशीच राहिली तर उद्या संगणक म्हणेल याचा दुसरा डोस झाला आहे, आणि पहिला मागायला गेलेल्या आईला पुन्हा परत पाठवतील.

बाळ आता माझ्या घरी आहे. रात्री दोनदा-तीनदा उबळ येते, पण निळं पडत नाही. डॉक्टर म्हणाले, डांग्या खोकला होऊन गेला तरी पेंटाचे तिन्ही डोस द्यायचेच, राहिलेले चार रोग आहेत. येत्या बुधवारी सकाळी 10 वाजता मी भाचीला घेऊन त्याच उपकेंद्रावर जाणार आहे. टोळ्या अजून परतलेल्या नाहीत, गाव रिकामं आहे, आमचं एकच लेकरू असेल.

आपला,
एक औषध दुकानदार
जि. बीड